कारणाचा रकाना

ती. सासूबाईंना,
उलव्याहून प्रणालीचा नमस्कार.

आई, हे पत्र पाठवीन की नाही, माहीत नाही. तुम्ही पालीला निघून गेल्यापासून मनूला कंपनीच्या पाळणाघरात ठेवते. घरचं सांभाळणारं माणूस नसेल, तर वर्षातले दहा दिवस आमच्या न्हावा शेव्याच्या ऑफिसात ही सोय मिळते. रोज फॉर्म भरावा लागतो. मूल एरवी कोण सांभाळतं, तिथे तुमचं नाव लिहिते. ती व्यक्ती आज का नाही, तिथे ‘भातलावणी’ लिहिते.

घरातला कॅमेरा मनूसाठी होता की तुमच्यावर नजर ठेवायला, हे तुम्ही विचारलंत आणि दुसऱ्याच दिवशी पालीला गेलात.

पाळणाघरातही कॅमेरा आहे. काल जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिलं. मनू झोपायला आडवी झाली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तोंडावर रुमाल ओढून घेतला. तुम्ही घरी पदर ओढायचात, अगदी तसा.

आज दहावा दिवस. कारणाच्या रकान्यात ‘सून’ लिहिलं. मग खोडून पुन्हा ‘भातलावणी’ लिहिलं.

तुमची,
प्रणाली