अक्काच्या गाठीचा निकाल

॥ श्री ॥
दिग्गी, ४ नोव्हेंबर २०२४

चि. रामचंद्र यास सुमंगलाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पन्नाशीला टेकलास तरी तुला चिरंजीवच लिहावं लागतं. वाण्याचं दुकान चालवून अक्कल वाढत नाही.

परवा बेळगावहून परत आले. गळ्यातल्या गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींचा कागद डॉक्टरांनी वाचला. कॅन्सर आहे का विचारलं, तर म्हणाले, सांगता येत नाही. म्हणजे नाही का विचारलं, तर तेही सांगता येत नाही. एवढं आमचे पंचायतीचे मेंबर सुई न टोचता सांगतात!

आता त्याच पेशींतली जनुकं तपासायला नमुना बेंगळूरला गेलाय. त्यात संशयाचं काही निघालं तर अर्धी थायरॉइड काढायची. न निघालं तर दर सहा महिन्यांनी नुसतं बघत राहायचं. तीन आठवडे लागतील. इथं रेंज नाही म्हणून दवाखान्यात तुझा नंबर दिलाय. निकाल आला की उमाजी कंडक्टरच्या हाती लगेच चिठ्ठी दे, तम्मा, धाकट्या भावाला एवढं जमेल.

सासूबाईंनी गाठ चाचपून निदान केलं की कोनफळाचा कंद धरलाय, थंडीत आपोआप निघेल. मी हसले. पण ऑपरेशनात आवाजाची शीर दुखावू शकते, असं डॉक्टर सहज बोलून गेले, तेव्हापासून मला घास गिळायची धास्ती बसलीय. अंगणवाडीतली तीस पोरं मी आवाजावर सांभाळते. दुसरं माझ्याकडे आहे काय?

तुझ्या बायकोला, केशरला, विचारलंय म्हणून सांग. लोभ कमी पडला तर कळव, इथून धाडीन.

तुझी,
अक्का

रामनगर, ७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अक्कास रामचंद्राचा सा. न. वि. वि.

पत्र केशरला वाचून दाखवलं. तिला हसावं की रडावं कळेना. तू गप्प बसणार म्हटल्यावर दिग्गीचे लोक देवीला नारळ फोडतील. भावजी दोन फोडतील. लहानपणी मला म्हशीवर बसवून तू अशी ओरडली होतीस की मी राहिलो बाजूला, म्हैसच घाबरली.

फोन घेऊन हिंडतो. विम्यावाल्या बाईचा आला तरी उभा राहून उचलतो. निकाल आला की आधी देवीला कौल लावणार, मग उघडणार. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडं पडली की चांगलं, डावीकडं पडली की वाईट. तू नाक मुरडशील, पण डॉक्टरांनाच कळेना, तर देवीला विचारायला काय हरकत?

भावजींना नमस्कार, सासूबाईंच्या कोनफळाला दंडवत.

तुझा,
रामचंद्र

रामनगर, २९ नोव्हेंबर २०२४

ती. प्रिय अक्कास सा. न. वि. वि.

निकाल आला. काळजीचं कारण नाही. कौल लावला, पाकळी उजवीकडंच पडली. तुझ्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं. जड उचलू नकोस, वेळेवर जेव. केशरनं तुझ्यासाठी लाडू केलेत, सोबत पाठवतोय. येत्या आठवड्यात ये, बेळगावला सहज जाऊन डॉक्टरांना भेटून येऊ.

तुझी माया अशीच राहो.

तुझा,
रामचंद्र

दिग्गी, २ डिसेंबर २०२४

चि. रामचंद्र यास आशीर्वाद.

लाडू पोचले. पत्र चारदा वाचलं. त्यात एकही टोमणा नाही. असं गोड तू जन्मात एकदाच बोललास, बाबा गेल्याचं सांगायला आलास तेव्हा.

कौलाचं लिहिलंस, कागदात काय आहे ते कुठाय? डॉक्टर बोलले ते जसंच्या तसं लिही. तुला शिव्या घालण्याइतका आवाज अजून शिल्लक आहे.

अक्का

रामनगर, ४ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न.

चुकलो. कौल उजवा पडला, त्या आनंदात देवळाच्या पायरीवरच फोनवर आलेला निकाल उघडला. सगळं इंग्रजीत. मला एकच शब्द कळला, सस्पिशस. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असा निकाल आलेल्या शंभरांपैकी पन्नासेक जणांत कॅन्सर निघतो, बाकीच्यांत नाही. अर्धी ग्रंथी काढून तपासल्याशिवाय नक्की कळणार नाही. आवाज कायमचा जाणं क्वचित, पण जाणारच नाही असं ते लिहून देईनात.

मी परत आत गेलो, दुसरा कौल लावला. पाकळी डावीकडं पडली. तिसरा लावला, तर पडेचना. गुरव म्हणाला, आता देवीला पुरे करा.

तू घाबरलेली मला बघवत नाही, म्हणून खोटं लिहिलं. अकरा तारखेला न्यायला येतो.

रामचंद्र

दिग्गी, ७ डिसेंबर २०२४

चि. तम्मास आशीर्वाद.

बेंगळूरपर्यंत जाऊन नमुन्यानं आणलं काय, तर निम्मं-निम्मं. असो. ऑपरेशन करून घेते. ह्यांना सांगितलं. ते गोठ्यात जाऊन बांधलेली गाय परत बांधून आले.

आवाज आहे तोवर ज्याला जे बोलायचं ते बोलून घ्यावं म्हणून काल यादी करायला बसले. सासूबाई, मेंबर, सुपरवायझर बाई. मग लक्षात आलं, ह्या सगळ्यांना माझं बोलून झालंय, काही उरलेलं नाही. उरलं होतं एकच. मला भीती वाटते, हे मोठ्यानं कुणाला म्हटलं नव्हतं. आज पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीचं दार लावून म्हणून बघितलं.

आवाज फाटला, तम्मा. अजून कुणी सुरी लावलेली नाही, तरी.

अकराला वेळेवर ये. वाटेत तुझा हात धरला, तर कुणाला सांगू नकोस.

तुझी,
अक्का