यजमान सापडले नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

जागा मिळाली! जुळे सोलापुरात नाही – तिथे आता दर ऐकूनच घाम फुटतो. ही श्रावणीने शोधून दिलेल्या त्या आभासी गावात. लेक पुण्यात बसून फोनवर शिकवते, मी इथे लॅपटॉपवर भिंती उभ्या करते. प्लॉट फुकट, एनए करायची भानगड नाही. त्यावर नाट्यगृह बांधलं. खुर्च्या हवेत तरंगत होत्या, संध्याकाळपर्यंत ओढून खाली आणल्या.

तिथली मी इतकी बारीक आहे, की कमरेवर हात ठेवला तर तो आरपार जातो. चला, कुठे तरी का होईना!

तिथल्या पडद्यावर माझं एकपात्री लावायचं – 'हिला नको'. मीच लिहिलं, मीच केलं, मागे मोराची चादर टांगून मीच चित्रित केलं. शाळेत नोकरीभर दुसऱ्यांच्या पोरांची गॅदरिंगं बसवली. आता मी निवृत्त आणि पाळी माझी.

यजमानांना सांगितलं. पेपरातून डोकं बाहेर न काढता म्हणाले, "कर की. टाइमपास."

६ फेब्रुवारी, गुरुवार

त्या गावात व्हिडिओ ठेवता येत नाही म्हणे. तो दुसरीकडे कुठे तरी राहणार, इथे फक्त त्याचा पत्ता द्यायचा. यूट्यूबवर ठेवला असता, पण तिथे पहिल्या प्रेक्षक आमच्या नणंदबाई. नकोच ते! मग श्रावणीने बैठकीतल्या जुन्या कॉम्प्युटरलाच कामाला लावलं. व्हिडिओ त्याच्या पोटात. तो चालू, तर पडदा चालू. याला 'होस्ट' म्हणतात.

गावाची भाषा मराठी निवडली. हौस! एका बटणावर लिहिलंय – 'सर्वांना मुका'. मी दिवसभर त्याच्याकडे बोट नेलं नाही. श्रावणी फोनवर हसून बेजार. "आई, आवाज बंद करायचं आहे ते!"

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला प्रयोग! पाच वाजता. मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेली. प्रेक्षक मोजून सात. त्यात एक रोबो, आणि एक कोल्ह्याच्या तोंडाची बाई – ही सांगोल्याची मनाली, घरची डाळिंबाची बाग आहे म्हणे. गंमत म्हणजे जो आत येतो त्याचा पडदा तेव्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे एकाच विनोदाला सात वेळा हशा! असे प्रेक्षक शाळेला मिळाले असते तर मुख्याध्यापकांनी पेढे वाटले असते.

आणि ऐन रंगात आलं असताना पडदा काळा. त्यावर पांढरी अक्षरं – "यजमान सापडले नाहीत."

मनालीने लगेच लिहिलं, "ताई, तुमचे पण?"

पळत बाहेर आले. यजमान सोफ्यावरच होते! कॉम्प्युटरचं बटण बंद करून, समाधानाने.

"समोर कुणी बसलेलं नाही, मग चालू कशाला ठेवतीस? मीटर पळायलंय की!"

१० फेब्रुवारी, सोमवार

नळाला पाणी आलं. पिंप, बादल्या, घागरी, पातेली. कला उद्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

बटणावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती – 'हात लावू नये'. ह्यांनी अजिबात हात लावला नाही. शब्दाचे पक्के! पंखा पुसायचा होता, म्हणून घराचा मेन स्विचच पाडला. कधी नव्हे तो पंखा पुसायचा मुहूर्त रविवारी पाचचा!

लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर, म्हणून दिसलं – तिकडे पंधरा माणसं काळ्या पडद्यासमोर बसलेली. यजमान पुन्हा सापडले नाहीत. एखादीचा नवरा हरवल्याची दवंडी पिटावी, तसं ते वाक्य मध्यभागी लुकलुकत होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मनालीचा निरोप. "ताई, त्यो माणूस तुमाला कुटं घावला? आमच्या घरात हाय की! आमच्या जावेकडं बी हाय!"

एकपात्रीतला माणूस तसा चांगला आहे. मारत नाही, पीत नाही, पगार घरी आणतो. फक्त बायकोला कुणी काही विचारलं की उत्तर तो देतो. पंगतीत जिलेबी आली – "हिला नको." सहलीचं विचारलं – "हिला गाडी लागते." नाट्यस्पर्धेसाठी बोलवायला माणसं दारात आली – "हिला नाटकबिटक नको." बायको सबंध नाटकात गप्प. शेवटी बॅग भरते, चपला घालते. फाटकापाशी कुणी तरी विचारतं, "निघालात?" आणि ती म्हणते, "हो." तेवढंच तिचं वाक्य.

ती स्पर्धेची माणसं खरंच आली होती. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. बाहेर येईपर्यंत ती फाटकाबाहेर गेलीसुद्धा. आता कुणाला सांगू, की मला जिलेबी आवडते?

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहीपाशी खोटं कशाला बोलू? मला पंधरा माणसं नकोत, पन्नासही नकोत. ह्यांनी बघायला हवंय. शेवटपर्यंत. बघितलं तर मला तोंडाने सांगावं लागणार नाही. तोंडाने सांगायला गेले, तर "हिला कसला आलाय त्रास" असंही हेच सांगून मोकळे होतील. आणि बघून कळलं, तर – तर कदाचित सगळं ठीक होईल. आशा तरी किती चिवट असते, या वयातही!

विचारलं, "रविवारी माझ्याशेजारी बसून बघाल?"

"बसतो की. चहा देशील ना?"

२३ फेब्रुवारी, रविवार

हे शेजारी बसले. चहा, शेंगदाणे, चष्मा पुसून तयार. मेन स्विच जिवंत. नाट्यगृह भरलं – मागे लोक चक्क उभे!

आणि हे हसले! जिलेबीला तर मांडीवर थाप मारली. डोळ्यांतून पाणी. वाटलं, आता गप्प होतील. आता माझ्याकडे बघतील.

बघितलं.

"अगं, हा तर शेजारचा सिद्धाराम! हुबेहूब उचललीस की! बायकोला तोंड म्हणून उघडू देत नाही बघ तो. बिचारी!"

मी त्यांचं तोंड निरखून बघत राहिले. थट्टा नव्हती. नटाला जमणार नाही इतका प्रामाणिक चेहरा.

प्रयोग पूर्ण झाला. न तुटता. फाटकापाशी बायको "हो" म्हणाली, तिकडे एकामागून एक सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. ह्यांनीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात. खरं सांगू? मला रडू आलं. पहिल्यांदाच माझं काही तरी पूर्ण झालं होतं, आणि ज्याच्यासाठी केलं तो शेजारच्याची कीव करत होता.

तेवढ्यात श्रावणीचा फोन, स्पीकरवर. "आई, झालं पूर्ण? कसं वाटलं तुला?"

मी तोंड उघडलं. फोन ह्यांच्या हातात होता.

"हिला लई छान वाटलं गं. जेवली पण नाही आनंदात."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी माळ्यावरून बॅग काढली. ह्यांनी स्टूल धरलं. मी कपडे भरत होते तोवर बैठकीतली खुर्ची बाजूला केली, लाइट लावला, कॉम्प्युटर आपणहून चालू करून दिला.

"शूटिंग आहे व्हय आज?"

"नाही."