बाबांची गोळी

दादा,

बाबांना दवाखान्यात नेलंय. सकाळी उलटी करून ते बाथरूममध्ये पडले आणि मी उचलायला गेले तर मलाच विचारतात, "तू कोण?" तुझा फोन बंद होता.

रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी इतकं चढलंय की किडन्यांनी हात टेकलेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी यांना रोज कोण देत होतं?" मी तुझं नाव सांगितलं. "व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं म्हणून काय बिघडतं?" हे तुझं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोटभर जेवणाऱ्या, दिवसभर उन्हात बागकाम करणाऱ्या या माणसाला गोळीची गरजच नव्हती.

तोंडाला चव नाही, तहान भागत नाही, असं ते किती दिवस सांगत होते. तू म्हणालास, "नाटकं आहेत सगळी." समोर उभा राहून गोळी गिळायला लावायचास आणि वर तोंड उघडून दाखवायला लावायचास, लहान पोरासारखं.

सलाइन लावलं तरी ते उठू पाहत होते. "आजची गोळी राहिली, तो रागावेल." शेवटी मी सांगून टाकलं, दादा घर सोडून गेला, आता परत येणार नाही. इतके सुटल्यासारखे हसले रे ते! उशीला डोकं टेकलं आणि शांत झोपले.

डबा न्यायला आत्या येईल. उरलेल्या गोळ्या तिच्याजवळ दे, डॉक्टरांना बघायच्यात. तू मात्र येऊ नकोस. मला खोटं पाडू नकोस.

धाकटी