स्प्लिटमध्ये मारलेली हाक

९ मार्च २०२४, स्प्लिट

समुद्र आहे, वारा आहे, माणूस नाही! बंदरावरच्या हॉटेलांनी खुर्च्या एकावर एक रचून दोरीनं बांधून ठेवल्यात. बद्री म्हणतो, "आई, हा सीझन नाही, म्हणून तर तुमची तिकिटं स्वस्तात पडली." पोरगा नोकरीला आला तेही कुठं, क्रोएशियात!

गाव मात्र नवलाचं. रोमन राजाच्या महालातच लोक राहतात. राजाच्या भिंतीला खिडक्या, खिडक्यांत वाळत घातलेल्या चड्ड्या. यांना विचारलं, कसं वाटलं? "लेण्यापेक्षा नवं हाय." झालं! फर्दापूरच्या एसटीवर ड्रायव्हर म्हणून जन्म गेला, अजिंठ्याच्या लेण्यापुढं यांना कशाचं कौतुक असणार.

११ मार्च

पुन्हा तेच. हे ताटावरून उठले अन् थोड्या वेळानं विचारतात, "आज भाकर टाकायची नाय का?" बद्रीला सांगितलं तर म्हणाला, "थकलेत गं बाबा. हवा बदलली की बरं वाटंल." तिकडं छावणीतल्या आमच्या घरी होतो तेव्हाही फोनवर हेच ऐकवायचा. आता हवा तर बदलली! एवढा शिकलेला पोरगा, पण बापाकडं नीट बघायलाच तयार नाही. मी काय करू? कोणाला सांगू?

१२ मार्च

भयंकर वारा. दिवसभर घरातच. मला सारखं रडू येतंय.

१४ मार्च



बद्री ऑफिसला गेलेला, मी न्हाणीघरात. बाहेर येते तर दार सताड उघडं — हे नाहीत! फोन टेबलावरच. बद्री फोन उचलेना.

धावत खाली गेले. खालच्या मजल्यावर मारिया राहते, माझ्याच वयाची. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. माझं तोंड बघून समजली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "मारिया." मग माझ्याकडं बोट. म्हटलं, "चतुरा." मग वर आमच्या दाराकडं बोट — त्यांचं नाव? सगळा संसार झाला, पण मी कधी यांना नावानं हाक मारली नाही. तोंडातून निघालं, "अहो."

बिचारी तशीच निघाली. महालाच्या गल्ल्यांतून आम्ही दोघी, "अहो! अहो!" एक मासळीवालाही ओरडायला लागला. आमच्या घरातली हाक अख्ख्या गावाच्या तोंडी! एरवी हसून लोळले असते. गल्ल्या सगळ्या सारख्याच, अन् यांना विसर पडतो एवढंसुद्धा मला कोणाला सांगता येईना.

शेवटी मारियानंच बंदराजवळच्या बसस्टँडवर नेलं. तिथं हे! एका ड्रायव्हरचा हात धरून त्याला खाली ओढत होते. "उतर भाऊ, फर्दापूरची ड्युटी माझी हाय. पॅसेंजर खोळंबलेत!" तो घाबरून पोलिसांना फोन लावायला लागला. मी "अहो" म्हटलं. मारियाही "अहो" म्हणाली. वळूनसुद्धा बघेनात. बाही धरली, तर मला झटकून दिलं.

मग मी ओरडले, "पुंजाराम!"

हात तिथल्या तिथं सुटला. मान खाली घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "आलो, माय."

यांना नावानं हाक मारणाऱ्या घरात एकट्या सासूबाई. त्यांना जाऊन जमाना झाला.

माझा पदर धरूनच घरापर्यंत आले. माझे फोन आलेले बघून निघालेला बद्री वाटेत धावत आला. त्यानं ते बघितलं अन् तिथंच पायरीवर बसला.

१५ मार्च

चहा दिला. इकडंतिकडं बघून यांनी हळूच विचारलं, "माय, चतुरा कुठं गेली?"

आजवर मला 'अगं'च म्हणत आले. माझं नाव यांच्या तोंडात आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हटलं, येईल रे.