बैलांच्या ओळीत सायकल

फुलवाडी, अमरावती
४ जून २००६

ती. बेबीआत्यास,
रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. घरातला एकुलता एक मोबाइल बाबांच्या खिशात असतो आणि मला तक्रार करायची आहे ती त्यांचीच. तेव्हा हे पत्र तू एकटीने वाच.

मागच्या साली कडबा मिळेना म्हणून बाबांनी चांद्या आणि पाखऱ्या, दोन्ही बैल विकले, ते तुला माहीतच आहे. तेव्हापासून आपली फुलं पांदणरस्त्याच्या तोंडाशी येणाऱ्या टेम्पोतून बाजारात जात होती. आता आजूबाजूच्या निम्म्या लोकांनी फुलं लावणंच सोडलं. आपल्या दोन टोपल्यांसाठी इकडे वळणं परवडत नाही म्हणून टेम्पोवाल्यानेही हात वर केले. त्यावर बाबांनी ठरवलंय की पोळा झाला की वावर दुसऱ्याला मक्त्याने कसायला द्यायचं आणि मला अकोल्याला तुझ्याकडे धाडायचं. तुझ्या ओळखीचे ते मूर्तिजापूरचे पाहुणे तिथेच मला पाहून घेतील म्हणे. फुलवाडीत राबते मी, निशिगंधाचे कांदे लावले मी, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी मात्र त्यांना विचारलं, की बाजारात फुलं मी पोचवली तर? तर म्हणाले, कायच्यावर नेशीन, डोक्शावर काय. मी हो किंवा नाही, एक काहीतरी बोला म्हणून अडून बसले. शेवटी म्हणाले, पोळ्यापर्यंत नेऊन दाखव, मग वावराचं पाहू.

त्याच दिवशी गोठ्याच्या आढ्यावरून मी ती सायकल खाली काढली. आठवते ना? बाबा तरुणपणी चिखलदऱ्याला पक्षी मोजणाऱ्या गोऱ्या बाईंचं सामान वाहायचे. जाताना त्या बाई आपली डोंगरात चालवायची सायकल त्यांना देऊन गेल्या होत्या. जाड चाकांची, गेअरची. वीस वर्षं ती कोणी हात न लावता पडली होती. सीट उंदरांनी खाल्लंय, साखळी गंजून एकजीव झालीय, ती घासलेटात भिजत ठेवलीय, टायर हातात घेतले तर पापडासारखे मोडतात. पण सांगाडा लोखंडाचा आणि ठणठणीत आहे. त्यावर पान्हा वाजवला की घंटेसारखा आवाज येतो.

तुझ्या गल्लीत इनायतुल्लाभाईंचं सायकलीचं दुकान आहे. टायर, साखळी, ब्रेकच्या आणि गेअरच्या तारा त्यांच्याकडे मिळतील का ते विचार. तू आधी नाही म्हणशील, मग विचारशील, हे मला माहीत आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
रागिणी


अकोला
१५ जून २००६

चि. रागिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मी कपाळावर हात मारला. मूर्तिजापूरचे लोक चांगले आहेत. पोरगा शांत आहे, विहिरीला पाणी आहे. आणि तू घासलेटात हात घालून बसलीस. चोवीस वर्षांची घोडी झालीस, आता काय गेअरच्या सायकलीवर टोपल्या बांधून अमरावतीच्या बाजारात हिंडणार? बाप नाही म्हणतो तर त्यालाही काही कारण असेल.

नुसतं विचारून तर पाहावं म्हणून इनायतुल्लाभाईंच्या दुकानात गेले. तो माणूस असा खूश झाला की जणू त्याच्याच घरी पाळणा हलला. अशी जुनी गाडी आजकल मिलती कहाँ, म्हणून चार वेळा म्हणाला. टायर, साखळी, तारा, ब्रेकचे गुटके आणि गुबगुबीत सीट, सगळं त्याने बांधून दिलं. डावं पायडल उलट्या बाजूने उघडतं, जोर लावून आटा मोडू नको, असा त्याचा खास निरोप आहे. दोन मडगार्ड मात्र मी माझ्या मनाने टाकले आहेत. चिखलाने माखून बाजारात उभी राहिलीस तर लोक विचारतील, ही कोणाची. भल्या घरच्या पोरीसारखी पोच.

गठ्ठा उद्याच्या एसटीने पाठवते. मी दिलं हे तुझ्या बापाला, भगवंताला, सांगू नकोस, नाहीतर बहीण म्हणून माझी खैर नाही.

आईला जप. उन्हात हिंडू नकोस.
तुझी आत्या,
बेबी


फुलवाडी, अमरावती
१६ जुलै २००६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सायकल चालू झाली. साखळी घासलेटात भिजत ठेवली होती, पण ती सुटली नाही ती नाहीच. तुझी नवी घातली. सांगाडा चिंचेच्या कोळाने घासला तेव्हा गंजाखालून निळा रंग निघाला, अगदी आईच्या लग्नातल्या शालूचा. डावं पायडल उलटं फिरवून उघडलं, त्या भाईंना सांग. गेअर अजून मधेच उडी मारतो, पण चढाला सगळ्यात मऊ गेअर टाकला की भरलेल्या टोपल्यांसकट सायकल चढते.

टोपल्या बांधायच्या कशावर, हा प्रश्न होता. कॅरिअरवर आडवं, मजबूत काहीतरी हवं होतं. गोठ्यात जू टांगलेलं होतं. मी ते दोन्ही बाजूंनी कापून बेताचं केलं, कॅरिअरवर आवळलं आणि दोन्ही टोकांना टोपल्या अडकवल्या. बाबांनी पाहिलं आणि जेवण तसंच टाकून उठले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. काही हवं असलं की आईला सांगतात, मी समोर उभी असले तरी.

आता तुझ्या मडगार्डांविषयी. अकोल्याच्या डांबरावर राहून तू काळ्या मातीचा स्वभाव विसरलीस, आणि बसवताना मीही विसरले. पांदणीत शंभर पावलं गेले नाही तोच मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल असा ठासून बसला की चाक जागच्या जागी थांबलं. सायकल आडवी, मी आडवी, निशिगंध चिखलात. समोरून बाबा येत होते. त्यांनी पाहिलं आणि बाजूने निघून गेले. आत्या, मी तिथेच बसून रडले. मग रागाने दोन्ही मडगार्ड उखडून काढले. आता त्यांतून आपल्या कोंबड्या पाणी पितात. दुसऱ्या दिवशी उघड्या चाकांनी गेले तर चिखल आपोआप गळून पडत होता. बाजारात पोचले तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत काळी होते आणि फुलं पांढरीशुभ्र होती. ही कोणाची, असं कोणी विचारलं नाही. कितीला दिली, एवढंच विचारलं.

वाटेतल्या नाल्याला पाणी असलं की जू सोडून कावडीसारखं खांद्यावर घेते, टोपल्या पलीकडे ठेवते आणि सायकलीसाठी परत येते. खांद्याची सालं निघालीत. जाऊ दे, पोळ्यापर्यंत एक दिवस चुकवणार नाही.

रागावली असलीस तरी लिही.
तुझी,
रागिणी


फुलवाडी, अमरावती
२७ जुलै २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला लिहिण्याची सवय नाही, तरी लिहितो. पोरीने आबांचं जू कापलं. आपल्या बापाने ते स्वतः घडवलं होतं. बैल गेले, पण जू घरात होतं तोवर मला वाटायचं की बैल कधीतरी परत येतील. आता तेही नाही. कोंबड्यांच्या पाण्याच्या मडगार्डावर अकोल्याच्या दुकानाची चिठ्ठी आहे, म्हणजे सामान कोणी धाडलं ते मला समजलं. मोठ्या बहिणीने असं करावं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या पाहुण्यांना इकडेच बोलव. रोज त्या नाल्यात पोरगी उतरते आणि मी इकडे जीव मुठीत घेऊन बसतो. मला हे आता सोसत नाही.

तुझा भाऊ,
भगवंत


अकोला
३ ऑगस्ट २००६

चि. भगवंतास,
आशीर्वाद.

हो, सामान मीच धाडलं. आणखी लागलं तर आणखी धाडीन. मडगार्ड धाडले ती तेवढी चूक झाली.

आबांचं जू माझ्याही बापाचं होतं, म्हणून मलाही बोलायचा हक्क आहे. तू बैल विकलेस तेव्हा मी चकार शब्द काढला नाही, कारण चारा नव्हता. पण जू आढ्याला टांगून पाहत बसायला आबांनी घडवलं नव्हतं. तुझ्या घरात ते पुन्हा ओझं वाहायला लागलं आणि तू जेवण टाकून उठतोस? तुला पोरीचा राग आलेला नाही, भगवंता. तुला तिच्या नाल्याची भीती वाटते, तर ती राग म्हणून दाखवू नकोस. जा आणि नाल्यावर उभा राहा.

मूर्तिजापूरच्यांना मी कळवलं की आमची पोरगी सध्या कामात आहे. त्यांना हे आवडलं नाही. न आवडू दे.

तब्येत सांभाळ, बिड्या कमी कर.
तुझी बहीण,
बेबी


फुलवाडी, अमरावती
२४ ऑगस्ट २००६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू बाबांना काय लिहिलंस ते मला माहीत नाही. पण या महिन्यात तीनदा नाल्याला पूर आला आणि तिन्ही वेळा बाबा पलीकडे छत्री घेऊन उभे होते. सायकल धरली, टोपली उतरवून घेतली आणि माघारी फिरले.

परवा खांदशेकणी होती. गावभर बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं बैलांना म्हणत होते. आईने सवयीने वाटीत तूप-हळद कालवली. बाबांनी वाटीकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बसले. वाटी तशीच चुलीजवळ राहिली.

काल पोळा. मी सकाळी बाजार करून आले, सायकल धुतली, हँडलला झेंडूची माळ बांधली आणि आखराच्या मैदानावर बैलांच्या ओळीत, तोरणाखाली नेऊन उभी केली. पोरं हसायला लागली. जानराव पाटील म्हणाले, हे काय नाटक होय, बैलाच्या रांगेत लोखंड कावून आणलं, हटव. मी म्हटलं, हटवणार नाही. या घरचं ओझं या वर्षी हिनेच ओढलं. ते तावातावाने पुढे आले, तरी मी हँडल सोडलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून बाबा आले. मला वाटलं, आता मला घरी नेतात. त्यांनी कॅरिअरवरच्या जुवावर हात ठेवला आणि जानरावांना म्हणाले, हे माह्या बापाचं जू होय, हे ज्याच्यावर असीन ते या ओळीत उभं राहीन, तुमाले पटत नसन तर तुमची जोडी दुसरीकडे न्या. जानराव कोणाकडेच न पाहता आपल्या बैलांपाशी गेले. तोरण तुटलं तेव्हा सायकलही बैलांसोबत निघाली, बाबांनी धरलेली.

घरी आलो. बाबांनी चुलीजवळची ती वाटी घेतली, निखाऱ्यावर धरली, पळसाचं पान मागितलं. मला वाटलं, सायकलीला लावतील. त्यांनी पाट मांडला आणि मला बसवलं. जुवाने सोललेल्या खांद्यावर पानाने तूप-हळद लावली, हळूहळू, अगदी चांद्याला लावायचे तशी. म्हणाले, काल आवतन द्याचं राहून गेलं बाई, आता जेवाले ये.

आई पुरणपोळी वाढायला उठली. जेवताना बाबांनी विचारलं, दिवाळीसाठी झेंडू किती लावायचा. तेव्हा मला जे आलं ते रडू नव्हतं, पण तसंच काहीतरी होतं.

दसऱ्याला ये. बाजारात घेऊन जाते, सायकलवर.
तुझी,
रागिणी