उभ्या मापाचा शर्ट

पुणे, ९ सप्टेंबर

ती. वनमालाआत्यास,
तेजश्रीचा सा. न. वि. वि.

एसटीच्या पार्सलातून मांजरपाटाचा पहिला नमुना पाठवते आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका उसाच्या पाचटाने अंग कापू नये म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. त्याऐवजी त्यांच्याच अंगाचा शर्ट असावा, हे मजुरांसाठी काम करणाऱ्या इथल्या एका संस्थेला पटलं आहे. नमुना पसंत पडला तर दोनशे शर्ट, आणि शिलाई नांदूरघाटला तुझ्या खोलीत. चारही मशिनी हिवाळाभर चालतील. तुझ्या हाताखाली शिवणाऱ्या सुनिताला यंदा उसात जावं लागणार नाही, असं मी गणपतीत आले तेव्हा तिला बोलून बसले आहे. मी असं सहसा बोलत नाही. म्हणून हे चुकून चालणार नाही.

काम आमच्या कॉलेजातल्या ड्रेस स्टँडवर केलं. म्हणजे कापडाने मढवलेलं, खांबावर उभं असलेलं धड. तू कळवलेल्या सुनिताच्या मापाप्रमाणे कापूस लावून ते भरून घेतलं आणि त्याच्यावरच कापड टाचण्यांनी बेतलं. खांदा सरळ पडतो, पाठीवर एक चुणी नाही.

सुनिताला घालून बघ आणि काय होतं ते लिहून कळव. फोनवर नको. तुमचा फोन आप्पांच्या खिशात असतो, कायम स्पीकरवर असतो, आणि तू बरं हाय म्हणून मोकळी होतेस. 'बरं' हे माप नाही.

लोभ आहेच, तो राहू दे. चूक मात्र पोटात घालू नकोस.
तेजश्री


नांदूरघाट, १६ सप्टेंबर

चि. तेजश्रीस,
वनमालाआत्याचे अ. उ. आ.

पार्सल केजला दोन दिवस पडून होतं. आप्पा कुरकुरत जाऊन घेऊन आले. तुझे फुवा म्हणजे हमाल हायत का, असं तुला विचारायला सांगितलंय.

शर्ट देखणा हाय. सुनिताने साडीवर चढवला, सरळ उभी राहिली, मला वाटलं झालं काम. तेवढ्यात तिची सासू दगडाबाई उंबऱ्यातून म्हणाली की सून उसात फोटो काढायला चालली काय, जरा वाकू द्या तिला. सुनिता बुडातून ऊस तोडतात तशी वाकली. पाठ ताणली, शर्टाचं टोक कमरेवर गेलं, बाह्या मनगटावरून पळाल्या त्या कोपराशी थांबल्या. पाचट लागतं ते नेमकं तिथंच. मग तिने डोक्यावर मोळी धरल्यासारखे हात वर केले तर काखेत टर्रकन उसवलं. दगडाबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पुण्याच्या बाहुलीला हातच न्हाईत तर तिला काख कुठून असणार, म्हणाली.

तू म्हणशील, आत्याने माप चुकवलं. चुकवलं न्हाई. तू उभं माप मागितलंस, मी उभं दिलं. उसात उभं कोण राहतं गं?

मुकादम शहादेव दोनदा येऊन गेला. दिवाळीनंतर ट्रक निघणार. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; सुनिता राहिली तर तिच्या नवऱ्याला, सोमेश्वरलाही, इथं दुसरं काम बघावं लागणार. त्याने मुकादमाला अजून हो म्हटलेलं न्हाई. तुझ्या शर्टाकडे बघून थांबलाय.

जेवत जा. आठवण आली की लिही, न आली तरी लिही.
तुझी आत्या


पुणे, २३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा राग आला, तिसऱ्या वेळी तू बरोबर आहेस हे दिसलं. त्याने राग गेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली.

चार दिवसांत चार वेळा नव्याने बेतलं. पाठ रुंद केली तर खांदे दंडावर उतरले. बाही लांब केली तर ती उभं असताना मुठीवर येते. हातात कोयता असताना ते धोक्याचं. काखेत चौकोनी तुकडा घातला तर तिथे कापडाचा गोळा होतो. प्रत्येक दुरुस्ती स्टँडवर छान दिसते, कारण स्टँड कधी वाकत नाही. मी स्वतः घालून आरशापुढे वाकले. पण मी दोन मिनिटं वाकते, सुनिता दिवसभर. माझ्या वाकण्यावर माझा विश्वास नाही.

सोमेश्वरचा जो शर्ट सुनिताने उसात वापरला तो पाठव. धुतलेला चालेल. रफू केलेली, ठिगळं लावलेली जागा मात्र उसवून पाठव. तो कुठे फाटला ते मला बघायचं आहे.

माझ्याकडून बोलणं कडक झालं असेल तर ते कामाचं समज, तुझं नव्हे.
तेजश्री


नांदूरघाट, १ ऑक्टोबर

चि. तेजश्रीस अ. उ. आ.

शर्ट पाठवतेय. सुनिता द्यायला तयार नव्हती. असलं चिंधूक पुण्याला जाऊन काचेच्या इमारतीत टेबलावर पसरणार, त्यापेक्षा जाळा, म्हणाली. मी म्हटलं, तेजश्री डॉक्टरीणबाईसारखी हाय, तिला घाण वाटत न्हाई, फक्त तोंड वाकडं असतं. तेव्हा हसली आणि दिला. तीन हंगामांचा हाय.

एक सांगते, तुला ठाऊक असावं म्हणून. कॉलर बसवण्यात सुनिताचा हात माझ्याहून साफ हाय. पण दर साली उसातून परतली की तिची बोटं अशी आखडलेली असतात की महिनाभर सरळ शिलाई येत न्हाई. हात बसतो न बसतो तोवर पुन्हा दिवाळी. तिला एकच हिवाळा मशीनवर काढायचाय. एवढंच मागते ती.

आप्पा विचारतात, पोरीला स्थळं बघायची का त्या स्टँडशीच गाठ बांधायची. तो निदान उलट बोलत न्हाई, असं मी सांगितलं.

लवकर कर बाई. मायेने लिहितेय, घाई समजू नको.
तुझी आत्या


पुणे, १२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नवा शर्ट सोबत आहे. या वेळी खात्री आहे, पण खात्री तू कर.

जुना शर्ट मी दोन दिवस नुसता वाचला. पाठीवर दोन्ही बाह्यांच्या मुंढ्यांमध्ये आडवा फाटलेला. डाव्या काखेत जास्त, उजव्या काखेत कमी. कमरेच्या वर चार बोटं उन्हाने रंग उडालेला पट्टा. म्हणजे ती वाकली की अंगावर ऊन कुठे पडतं तेही त्यावर होतं. हा शर्ट उभ्या स्टँडवर कसाही घातला तरी बसेना. मग मी स्टँडचा खांब काढला आणि धड टेबलाच्या कडेला पुढे झुकवून बांधलं. जुन्या पँटच्या पायांत कापूस ठासून त्याला हात केले, एक खाली, एक पुढे. त्यावर जुना शर्ट घातला, आणि प्रत्येक फाटलेल्या जागेच्या कडा एकमेकींपासून किती लांब गेल्या ते मोजलं. पाठीला साडेसहा सेंटीमीटर कापड कमी पडत होतं. तेवढं खांद्याखाली दोन चुण्यांत दिलं. बाही पुढे वळवून बसवली. काखेत चौकोनी तुकडा, या वेळी त्या हातांवरच बेतलेला, म्हणून गोळा होत नाही.

आमच्या मॅडमनी स्टँडची ती अवस्था पाहिली आणि कॉलेजची मालमत्ता मी खाटकासारखी टांगली आहे, असं सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. मी दोर सोडला नाही.

तू आहेस तशीच राहा, आणि लिहिताना हात आखडू नकोस.
तेजश्री


नांदूरघाट, १९ ऑक्टोबर

चि. तेजश्रीस अ. उ. आ.

बसला! सुनिताला घेऊन मी थेट शिवारात गेले. वैरणीसाठी लावलेल्या उसाच्या दोन सऱ्या तिने तोडल्या, मोळी बांधली, डोक्यावर घेऊन बांधापर्यंत चालली. पाठ ताणली न्हाई, मनगट उघडं पडलं न्हाई. उभी राहिली की मागे जरा फुगा येतो, पण उभं राहायला वेळ कुणाला हाय.

दगडाबाईने चष्मा लावून उलटासुलटा बघितला. जाताना सांगितलं की कुणी माझं माप घेणार असेल तर मला वाक म्हणायची गरज न्हाई, मी कायमची वाकलेलीच हाय.

सोमेश्वरने मुकादमाला दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत थोपवलंय. त्यापुढे तो थांबणार न्हाई. देव तुझ्या हाताला यश देवो.
तुझी आत्या


पुणे, २८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शर्ट नापसंत झाला. झालं ते क्रमाने लिहिते.

संस्थेचे पाच जण आले. शर्ट नियमाप्रमाणे उभ्या स्टँडवर घालून ठेवावा लागला. उभ्यावर मागचं कापड लोंबतं, बाह्या पुढे झुकतात. एकांनी विचारलं की हे कुबड का आहे. मी कारण सांगितलं, आकडे दाखवले, जुना शर्ट दाखवला. त्यांनी जुन्या शर्टाला हात लावला नाही. मग मी नमुना काढून माझ्या कपड्यांवर घातला आणि त्या खोलीत वाकले. खुर्ची उचलून डोक्यावर घेतली. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. अध्यक्षबाई प्रेमाने म्हणाल्या की समजतंय, पण मदत देणाऱ्यांकडे फोटो जातो आणि फोटोत कपडा नीट पडायला हवा. मागचा भाग कमी करून जानेवारीत पुन्हा दाखवावा. जानेवारीत गावात माप द्यायला कुणी नसतं, असं मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.

मागचा भाग कमी केला तर शर्ट पसंत पडेल आणि फाटेल. मी नाही म्हटलं. ते बरोबर होतं असं मला अजून वाटतं. पण त्या 'नाही'ने सुनिताचा हिवाळा गेला, हेही तितकंच बरोबर आहे. शहादेवला काय सांगायचं ते सोमेश्वरने ठरवावं. माझ्या शब्दावर थांबू नये. शर्ट परत पाठवते आहे. तो सुनिताचा आहे.

या खेपेला माया मागायचा मला हक्क नाही. तू तरीही धाडशील, हे माहीत आहे.
तेजश्री


ऊसतोडीचा तळ, सांगलीकडे, २९ नोव्हेंबर

तेजश्रीताईंस,
सुनिताचा नमस्कार वि. वि.

काय होतं ते तुम्हाला लिहूनच कळवायचं, असं आत्याबाईंनी निघताना सांगितलं होतं. म्हणून लिहिते. आज एकविसावा दिवस हाय. पाठ ताणत न्हाई. बाही मनगटावर राहते, यंदा हातावर एक ओरखडा न्हाई. डाव्या काखेतला चौकोनी तुकडा अकराव्या दिवशी एका टोकाला सुटला, कारण मोळी उचलताना माझा डावा हात आधी जातो. तिथं दुहेरी शिलाई पाहिजे. मी रात्री हाताने घातली, ती वाकडी आली.

शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या बायका विचारतात, असला शर्ट कुठं मिळतो. मी सांगते, मिळत न्हाई.

सासूबाई बऱ्या हायत. तुम्ही आमच्यापायी खुर्ची डोक्यावर घेतली, हे आत्याबाईंकडून कळल्यापासून त्या तुम्हाला नावं ठेवत न्हाईत.

ताई, शर्ट चांगला हाय. पण तो चांगला हाय, हे मला मशीनवर बसून कळायचं होतं.

राग धरू नका, मी पण धरणार न्हाई.
सुनिता