बघे

२ डिसेंबर
आज पिंपरी पेंढारला रुजू झाले. दवाखाना लहान, पण ऊन भरपूर. खिडकीतून द्राक्षाची बाग दिसते. घरमालकीण अंबाबाईंनी आल्या आल्या मासवडीचं ताट पुढे केलं आणि लग्न का नाही केलं तेही विचारून घेतलं. मला मजा वाटली.
घराबाहेरची, मोकळ्या जागेची, गर्दीची धास्ती घेतलेली माणसं इथे माझ्याकडे येणार. त्यांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा आणि तीच जागा बसल्या जागी दाखवायची. छाती धडधडली तरी चष्मा काढायचा नाही. भीती शिगेला जाते आणि मग आपोआप ओसरते. पुण्यात असे कितीतरी बरे झालेले पाहिलेत.

५ डिसेंबर
बेल्ह्याच्या बैलबाजारात चौफेर चित्रण केलं. खोंडं, टेम्पो, उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवणारे व्यापारी. एवढ्या रेट्यात मधोमध थोडी जागा रिकामी होती. तिथे कुणीच उभं राहत नव्हतं. मी कॅमेरा तिथेच रोवला.

७ डिसेंबर
पहिली पेशंट आशा. तिचे सासरे सोमाजी बोलवायला आले म्हणून शेतावरच्या घरी गेले. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता शेती करतात.
तिचा नवरा हनुमंत दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन बेल्ह्याच्या बाजारात शेळ्या विकायला गेला होता. कुणीतरी चोर म्हणालं आणि त्याला जिवे मारलं. मारणारे तिघं-चौघं, बाकीचा बाजार गोल करून बघत होता. आशा त्या गोलात शिरायला धडपडत होती. कुणी वाट दिली नाही. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही.
चष्मा लावल्यावर ती आधी थरथरली, मग एकदम शांत झाली. म्हणाली, "ताई, मालक हायेत तिथं. उभे हायेत."
घरी येऊन चित्रण पुन्हा पाहिलं. असं कुणीच नाही त्यात.

१४ डिसेंबर
आशा अंगणात बसू लागली, काल रस्त्यापर्यंत गेली. पण चष्मा लावला की हसते. विचारलं तर म्हणाली, मालक एकेकाचं तोंड बघत फिरतात. कोण कोण बघत उभं होतं ते ओळखून ठेवतात.

२० डिसेंबर
आशा एकटी एसटीने दवाखान्यात आली. आनंद व्हायला हवा होता.
जाताना म्हणाली, "माजी भीती मालकांनी काढून नेली. आता ज्याची त्याला वाटून देत्यात."

२२ डिसेंबर
बैलांचा दलाल सावळेराम. भावाने जीपमध्ये तोंडावर पांघरूण घालून आणला. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की माणसं भोवती गोल करतात, म्हणाला. कोण माणसं, विचारलं. म्हणाला, "बाजारातलीच. त्यात मीबी हाय."
उद्या चष्मा लावायचा.

२३ डिसेंबर
सावळेराम गेला. खुर्चीतच.
हात जोडत होता, काढा म्हणत होता. भीती ओसरेल, आता ओसरेल, म्हणून मी शेजारी उभी राहून, त्याला चष्म्यात दिसतं तेच दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर बाजारातल्या त्या रिकाम्या जागेत सावळेरामच होता. गोल आवळत आला —
चष्म्याचा पट्टा सोडला, सदरा उघडला तर अंगभर वळ. काठ्यांचे.

२४ डिसेंबर
आशा दारात आली. तिला सांगितलं, हनुमंताला मारलं तेव्हा मी तिथे नव्हते. या गावातच नव्हते. ती चिडली नाही. हळू आवाजात म्हणाली,
"न्हवत्या, ताई. पर काल तुमी व्हत्या. त्यो हात जोडत व्हता, अन् तुमी बघत व्हत्या."

२६ डिसेंबर
भरदुपार. उंबऱ्यावर पाय ठेवला की श्वास — अंबाबाई डबा ठेवून गेल्या. त्यांना अंगण रिकामं दिसतं. मला नाही. पाठ एकाचीही नाही, सगळी तोंडं माझ्याकडे.

२७ डिसेंबर
दार लावलंय. तरी आत — भिंती कुठे गेल्या — मोकळं, सगळं मोकळं. हनुमंत आला. राग नाही तोंडावर. नुसतं माझं तोंड निरखलं आणि बाजूला झाला. काठ्या —
आशा पुढेच उभी आहे. वाट दे म्हटलं. हात जोडले. ती नुसती